मूळ भाषा येत नाही, तरी त्या साहित्यावर प्रबंध?

तळटीप
मध्यंतरी एक प्रबंध तपासायला आला होता. विषय फ्रेंच कादंबरीकार काम्यूची निवेदनशैली. (कुठला, कुणाचा, ते सांगत नाही.) त्याच्या १९४२ च्या ‘लेत्रांजे’ (म्हणजे ‘परका’) या प्रसिद्ध कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात, ‘मदर डाइड टुडे’, निवेदक आईला ‘मदर’ म्हणतो, आणि तेवढ्यावरून त्याचा कोरडेपणा सिद्ध करायला दोन पानं खर्ची घातली होती. फ्रेंचमध्ये तिथे ‘मामाँ’ आहे, घरात आईला हाक मारायचा शब्द. ‘मदर’ आणलं स्टुअर्ट गिल्बर्टने, १९४६ च्या इंग्रजी अनुवादात. १९८८ साली मॅथ्यू वॉर्डने ‘मामाँ’ तसंच ठेवलं. म्हणजे त्या दोन पानांतला कोरडेपणा गिल्बर्टचा. काम्यूच्या नावावर फुकट जमा झाला.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या भाषेतल्या साहित्यावर संशोधन करायचं, ती भाषा वाचता आलीच पाहिजे. येत नसेल तर शिका, नाहीतर विषय बदला. गणित न येता भौतिकशास्त्रात पीएचडी करायला कुणी निघत नाही. साहित्यातच ही मुभा का?

अर्धविराम
असहमत. तुमचा नियम लावला तर ‘जागतिक साहित्य’ या कल्पनेलाच दार बंद. जर्मन कवी गटेने १८२७ मध्ये आपला सहकारी एकरमानशी बोलताना ती मांडली तेव्हा तो एक चिनी कादंबरी वाचत होता, अर्थातच अनुवादात. त्याआधीचं शाकुंतल आठवा. विल्यम जोन्सने ते आधी शब्दशः लॅटिनमध्ये उतरवलं, तिथून इंग्रजीत (१७८९), आणि त्या इंग्रजीवरून गेओर्ग फोर्स्टरने जर्मनमध्ये (१७९१). तीन उड्या मारून ते गटेपर्यंत पोचलं. तो ते डोक्यावर घेऊन नाचला की नाही देव जाणे, पण त्या जर्मन पुस्तकावर त्याने चार ओळींची कविता लिहिली, हे खरं. संस्कृत येईपर्यंत थांब, असं त्याला सांगायचं होतं का?

तळटीप
गटे रसिक म्हणून वाचत होता. खुशाल वाचावं, मीही वाचतो. कालिदासाच्या शब्दयोजनेवर प्रबंध लिहून पदवी मागायला तो आला नव्हता.

दुसरा मजला
तळटीप यांच्या बाजूने एक मोठं उदाहरण. फ्रेंच विचारवंत सिमोन द बोव्हारचा स्त्रीविषयक ग्रंथ, ‘द सेकंड सेक्स’, १९४९ चा. इंग्रजीत तो १९५३ साली आला आणि अनुवादक होते एच. एम. पार्शली, पेशाने प्राणिशास्त्रज्ञ! (प्रकाशकाला तो देहधर्मावरचा ग्रंथ वाटला असावा, हा आपला माझा तर्क.) मजकुराला मोठी कात्री लागली, त्यात इतिहासातल्या कितीतरी स्त्रिया गळाल्या. त्याहून वाईट म्हणजे तत्त्वज्ञानातल्या संज्ञा साध्या बोलीतले शब्द समजून उलथल्या गेल्या. अस्तित्ववादात (माणूस आधी असतो, मग आपल्या निवडींतून घडतो, असं मानणारं तत्त्वज्ञान) ‘मानवी वास्तव’ अशा अर्थाची जी संज्ञा आहे, तिचं ‘माणसाचा खरा स्वभाव’ झालं. आता हे पुस्तक उभंच आहे ते ‘बाईचा असा काही ठरलेला स्वभाव नसतो’ या म्हणण्यावर. त्याच बाईंच्या तोंडी स्वभाव!

अभ्यासक मार्गारेट सायमन्स यांनी ही चिरफाड १९८३ मध्ये लेखातून समोर आणली. संपूर्ण इंग्रजी अनुवाद यायला २००९ उजाडलं. मधल्या काळात इंग्रजीतून वाचणाऱ्या किती जणांनी बोव्हारबाईंवर विचारांच्या ढिलाईचा ठपका ठेवला असेल, आणि त्यातली किती ढिलाई पार्शलींची असेल?

मांजरपाट
म्हणजे तीस वर्षं फ्रेंच येणारे सगळे झोपले होते?

अर्धविराम
मांजरपाट, नेमकं. फ्रेंच येणारे फ्रेंच वाचत होते, त्यांना इंग्रजीत काय झालंय याचं सोयरसुतक नव्हतं. सायमन्स यांनी अनुवाद हीच अभ्यासाची वस्तू मानली, म्हणून चोरी पकडली गेली.

आणखी एक. लिन शू या चिनी लेखकाला एकही परकी भाषा येत नव्हती. सोबतचा माणूस परकं पुस्तक तोंडी सांगायचा, हा ऐकत ऐकत अभिजात चिनीत लिहायचा. १८९९ साली धाकट्या द्यूमाच्या कादंबरीपासून त्याची अशी पुस्तकं छापून येऊ लागली, ती पुढे दीडशेच्या वर गेली. चिनी वाचकांच्या एका पिढीचं ‘पाश्चात्त्य साहित्य’ म्हणजे हेच. त्यावर संशोधन करणाऱ्याने फ्रेंच शिकून द्यूमा वाचला तर उत्तमच, पण त्या पिढीने काय वाचलं ते त्याला फ्रेंचमध्ये सापडणार नाही.

उंबरठा
दोघांचं वाचतेय. मी रशियन शिकते आहे (अजून अडखळते), म्हणून एका गोष्टीवर कुणी का बोलत नाही याचं आश्चर्य वाटतं. आपल्याकडे परकं साहित्य बहुतेक वेळा इंग्रजीमार्गे येतं. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’. रशियनमध्ये मात्र ‘ती’ आणि ‘वी’, म्हणजे आपलं ‘तू’ आणि ‘तुम्ही’. एखाद्या कथेत दोघं जण ‘वी’वरून ‘ती’वर येतात, आणि कथेचा सांधा तिथेच असतो. इंग्रजीत तो सपाट होतो, आणि मराठी अनुवादक बसतो अंदाज बांधत: इथे अरेतुरे करू की अहोजाहो?

क्रियापदांचंही तेच. रशियन भूतकाळात ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे क्रियापदच सांगतं, मराठीतही सांगतं, मधल्या इंग्रजीत नाही. आणि ‘वुई’! ते ‘आम्ही’ की ‘आपण’, हा निर्णय तर कुठल्याही भाषेतून आणताना मराठीतच घ्यावा लागतो, पण मूळ संहिता समोर असली तर निदान कोण कुणाला धरून बोलतंय याच्या चार खुणा जास्त मिळतात. आपल्या घरात सामान ठेवायला जागा होती हो, ते वाटेतच उतरवून घेतलं. असा मराठी अनुवाद घेऊन कुणी पात्रांच्या नात्यांवर प्रबंध लिहिला, तर तो खरं तर मराठी अनुवादकाच्या अंदाजांवरचा प्रबंध.

‘मदर’चा घोळ मराठीत मात्र झालाच नसता. आपली ‘आई’ हाकेतही तीच आणि अर्जातही तीच. आपण अडलो असतो पुढच्या शब्दावर: आई गेली, वारली, की मेली?

दुसरा मजला
उंबरठा, सुंदर! जर्मनांचा किस्सा ऐका. २००० साली टीव्हीवरच्या एका पुस्तकचर्चेत जपानी लेखक मुराकामीच्या कादंबरीवरून दोन समीक्षकांची जुंपली. सिग्रिड ल्योफ्लर यांना भाषा सवंग वाटली, मार्सेल राइश-रानिकी पुस्तकावर खूश. इतकं पेटलं की ल्योफ्लरबाईंनी कार्यक्रमच सोडला. आणि ज्या भाषेवरून हे रण माजलं ते जर्मन पुस्तक मुळात इंग्रजी अनुवादावरून केलेलं. जपानीवरून थेट अनुवाद २०१३ मध्ये आला, वेगळ्या नावाने.

अर्धविराम
किस्सा छान, पण सोय सांगा. माणूस एका आयुष्यात किती भाषा नीट शिकतो? तीन, फार तर चार. साहित्याभ्यासक फ्रँको मोरेत्तीने २००० मध्ये हेच तर विचारलं होतं: जगाचं साहित्य अभ्यासायचं तर इतरांनी केलेल्या वाचनावर विसंबावंच लागेल. अल्बेनियन लेखक इस्माइल कादारेला २००५ मध्ये मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याची कितीतरी पुस्तकं अल्बेनियनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलेली होती. थेट अनुवादक मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर त्या पुस्तकांना इंग्रजी वाचक केव्हा मिळाले असते?

तळटीप
पुरस्कार द्या, पुस्तकं छापा, चर्चा करा. माझा आक्षेप शैलीवर निकाल देण्यापुरता आहे. कथानक, आशय, प्रकाशनाचं राजकारण, वाचकांचा प्रतिसाद, यावर अनुवादातून बोलता येतं, एवढं मान्य.

मांजरपाट
पहिल्या पोस्टमध्ये ‘विषय बदला’ होतं, आता ‘शैलीपुरता’ झालं. प्रगती आहे. त्या प्रबंधाचं काय केलंत शेवटी?

तळटीप
दुरुस्तीसाठी परत पाठवला. म्हटलं, शीर्षक ‘गिल्बर्टच्या इंग्रजी अनुवादातील निवेदनशैली’ करा, वॉर्डशी तुलना जोडा आणि ती दोन पानं राहू द्या, चांगली आहेत. विद्यार्थी तयार आहे. मार्गदर्शक नाहीत, म्हणतात, काम्यूचं नाव शीर्षकातून गेलं तर प्रबंधाला वजन काय उरलं!

मांजरपाट
म्हणजे अनुवादावरचा प्रबंध तुम्हीच पास करणार. धागा कशाला काढला होतात?

तळटीप
गिल्बर्टने इंग्रजीत लिहिलंय, विद्यार्थ्याला इंग्रजी येतं. माझा नियम मोडला कुठे?