उद्रेकाचा माथा सपाट येतोय (आयजीआर जे१७५४४-२६१९, स्विफ्ट एक्सआरटी)

मृगशीर्ष
नमस्कार मंडळी. आयजीआर जे१७५४४-२६१९ (न्यूट्रॉन तारा आणि महाराक्षसी तारा यांची जोडी, मधूनच क्ष-किरणांत उसळणारी) च्या एक्सआरटीच्या, म्हणजे स्विफ्ट उपग्रहावरच्या क्ष-किरण दुर्बिणीच्या, जुन्या नोंदी घेऊन बसलोय, सगळ्या पीसी मोडमधल्या (एकेक फोटॉन मोजणाऱ्या). २० पिक्सेल त्रिज्येचे वर्तुळ, १०० सेकंदांचे बिन (वेळेचे तुकडे). एका उद्रेकात दर भराभर चढतो, सेकंदाला दोनेक काउंटवर (मोजलेल्या फोटॉनवर) पोचतो आणि तिथे पठार झाल्यासारखा अडकतो. त्याच वेळी स्पेक्ट्रम एकदम हार्ड होतो, म्हणजे जास्त ऊर्जेकडे झुकतो. महाराक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यातला दाट गठ्ठा आडवा आला आणि शोषण वाढलं, असं म्हणता येईल का?

दुसरं, आकाशगंगेच्या याच पट्ट्यातल्या एका दुबळ्या स्रोताच्या ॲस्ट्रोसॅट (भारताचा खगोल उपग्रह) नोंदींत एसएक्सटीच्या (त्यावरची मऊ क्ष-किरणांची दुर्बीण) प्रतिमेत काहीच नाही, पण एलएक्सपीसी (LAXPC, त्यावरचाच मोठा क्ष-किरण मोजक) मात्र सतत सिग्नल दाखवतो. खरं कोणाचं मानायचं?

तमोघ्न
गठ्ठ्याला नंतर धरू, आधी पाइल-अप (फोटॉनांची गर्दी) तपासा. पीसी मोडची एक फ्रेम २.५ सेकंदांची असते. तेवढ्यात दोन फोटॉन एकाच किंवा शेजारच्या पिक्सेलवर पडले की यंत्र त्यांना एकच समजतं आणि दोघांच्या ऊर्जांची बेरीज लावतं. म्हणून काउंट कमी, ऊर्जा जास्त. काही घटनांचा आकार इतका बिघडतो की त्या वाईट ग्रेडमध्ये (फोटॉनने किती पिक्सेल उजळले त्यावरून केलेला वर्ग) जाऊन फेकल्याच जातात. तुमचं पठार आणि हार्ड स्पेक्ट्रम, दोन्ही यातून निघू शकतात. सेकंदाला अर्ध्या काउंटच्या वर गेलं की संशय घ्यायचा. तुमच्या दराला प्रतिमेत मधोमध भोकही दिसत नाही, त्यामुळे नुसत्या नजरेला सगळं ठीक वाटतं.

करायचं असं: एक्ससिलेक्ट या प्रणालीत फक्त माथ्याचा कालखंड कापा. एक्सइमेज या प्रणालीत त्याचं पीएसएफ (बिंदूचा प्रकाश प्रतिमेत कसा पसरतो ते) काढा आणि १५ आर्कसेकंदांच्या बाहेरच्या भागावर किंग वक्र (या पसरण्याचं ठरलेलं सूत्र) बसवा (गाभा ५.८ आर्कसेकंद, घात १.५५, हे दोन्ही गोठवून). मग तोच वक्र आत वाढवा. नोंदी जिथून वक्राखाली घसरतात ती वगळायची त्रिज्या. एक पिक्सेल २.३६ आर्कसेकंदांचा, तेव्हा भागाकार करून कडं ठरवा, समजा ४ ते २० पिक्सेल. एआरएफ (दुर्बिणीच्या संवेदनक्षमतेची फाइल) बनवताना एक्सआरटीएमकेएआरएफ या आज्ञेला पीएसएफफ्लॅग 'येस' द्या. हे विसरलात तर वगळलेल्या गाभ्यातला प्रकाश परत मिळत नाही आणि फ्लक्स खोटा कमी येतो. हे फार जण विसरतात.

कडं फक्त माथ्याला. शांत काळात तेच वापरलंत तर होते-नव्हते काउंटही जातील, तिथे पूर्ण वर्तुळच ठेवा.

एक झटपट चाचणी: नुसत्या ग्रेड ० चा स्पेक्ट्रम आणि ग्रेड ० ते १२ चा स्पेक्ट्रम एकावर एक ठेवा. माथ्यावर ग्रेड ० चा वाटा घसरत असेल तर पाइल-अप आहेच. कडं लावल्यावर ०.३–२, २–४ आणि ४–१० केईव्ही (ऊर्जेचं एकक) असे तीन लाइट कर्व्ह (वेळेनुसार तेजाचे आलेख) वेगळे काढा. शोषण खरं असेल तर पहिला दबेल आणि तिसरा जवळपास तसाच राहील. मग खुशाल गठ्ठ्याबद्दल लिहा.

खगोलवेडा
एलएक्सपीसीबद्दल. तो प्रतिमा घेत नाही, साधारण अंशभर रुंद आकाशातलं जे येईल ते मोजतो. आकाशगंगेच्या प्रतलात स्रोत झोपलेला असला तरी रिजचा, म्हणजे त्या प्रतलाच्या पट्ट्याचाच, पसरट क्ष-प्रकाश आत येणारच. १७५४४ चंच घ्या: जीएक्स ३+१ दीड अंशावर, जीएक्स ५-१ दोन अंशांवर, आणि दोघेही तळपणारे क्ष-किरण स्रोत. यान नेमकं कुठे रोखलं होतं ते बघून कॉलिमेटरच्या (मोजकाची दृष्टी मर्यादित करणाऱ्या जाळीच्या) कडेला कोण आहे ते आधी तपासा.

उलट, एसएक्सटीत दिसलं नाही म्हणजे नाहीच, असंही नाही. तिचं पीएसएफ पसरट आहे, वर्तुळ १५ आर्कमिनिटांपर्यंत घ्यावं लागतं, आणि दुबळा स्रोत त्यातल्या पार्श्वभूमीत बुडतो. अशा वेळी एसएक्सटीने फक्त वरची मर्यादा द्यावी. एलएक्सपीसीचा आकडा स्रोताचा म्हणून छापू नये. २०१८ नंतरच्या नोंदी असतील तर तीन मोजकांपैकी एलएक्सपीसी-२० वरच भिस्त ठेवा, ३० तेव्हा बंद झाला आणि १० चा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) डळमळीत आहे.

तमोघ्न
कक्षेच्या टप्प्याचंही बोलून घेऊ. १७५४४ चे उद्रेक उपताऱ्याजवळ (कक्षेत दोघे सर्वांत जवळ येतात तिथे) जास्त होतात, पण प्रत्येक फेरीत नाही. ४.९२६ दिवसांच्या कक्षाकाळात ०.००१ दिवसाची चूक धरली तर दहा वर्षांत साधारण ७४१ फेऱ्या, म्हणजे ०.७४ दिवस सरकलात, कक्षेचे १५ टक्के. जुना आरंभबिंदू घेऊन नवा टप्पा काढलात तर उद्रेक 'भलत्याच' ठिकाणी दिसेल.

२०१२ मध्ये सुचवलेले ७१.५ सेकंदांचे ठोके शोधणार असाल तर बॅरिसेंटर दुरुस्ती (वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला धरून मांडणं) हवीच. पृथ्वी दिवसभरात प्रकाशाच्या साडेआठ सेकंदांएवढं अंतर कापते. वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे तसेच जोडले की ठोक्यांचा टप्पा सरकतो. आणि १००० सेकंदांच्या एका तुकड्यात जेमतेम १४ ठोके बसतात. उद्रेक स्वतःच रेड नॉइज (संथ चढउतारांत जास्त जोर असलेला गोंधळ) आहे, तेव्हा व्हाइट नॉइज (सगळ्या वारंवारतांवर सारखा गोंधळ) धरून काढलेली निश्चितता मला तरी पटत नाही. पॉवर स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या आवर्तनाला किती जोर ते दाखवणाऱ्या आलेखात) ९६ मिनिटांच्या आसपास काही उठलं तर ती स्विफ्टची कक्षा.

मृगशीर्ष
कडं लावलं, पठार गेलं. मऊ पट्टाही दबलेला नाही, म्हणजे गठ्ठा बाद. १७ केईव्हीची सायक्लोट्रॉन रेषा (चुंबकीय क्षेत्रामुळे स्पेक्ट्रममध्ये पडणारा खळगा) मात्र एक्सआरटीत कुठेच दिसत नाही.

खगोलवेडा
दिसणारच नाही, एक्सआरटी १० केईव्हीला थांबते. ती रेषा नूस्टार या जास्त ऊर्जेच्या क्ष-किरण दुर्बिणीच्या २०१३ च्या नोंदींतली. वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडली, त्यावरून चुंबकीय क्षेत्र सुमारे १.५×१०^१२ गाउस येतं, गुरुत्वीय रेडशिफ्ट धरला तर थोडं जास्त. पण २०१५ च्या एक्सएमएम-न्यूटन आणि नूस्टारच्या एकत्र निरीक्षणांत ती सापडली नाही. त्यामुळे क्षेत्र गृहीत धरून चुंबकीय अडसराचं (क्षेत्र आत पडणाऱ्या वायूला अडवतं त्याचं) गणित मांडणार असाल तर १०^१२ आणि १०^१३ गाउस, दोन्ही घालून बघा. नूस्टारच्या नोंदी हीसार्क या नासाच्या नोंदसंग्रहावर खुल्या आहेत. तिथे १७ केईव्हीच्या आसपास सातत्य (रेषांशिवायचा सलग स्पेक्ट्रम) कोणत्या मॉडेलने बसवलंय ते आधी बदलून बघा, खळगा त्यावर बराच हलतो.