मदत हवी आहे: मायआर-१३८ दाबला, तरी २१ व्या दिवशी अलिझरिनच्या रंगात फरक नाही

मज्जापेशी (नांदेड):
मानवी अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल मूलपेशी, पॅसेज ४. २४ खान्यांच्या प्लेटमध्ये मायआर-१३८ (जनुकांना दाबणारा छोटा मायक्रोआरएनए) चा इनहिबिटर, म्हणजे त्याला निकामी करणारा कृत्रिम तुकडा, ५० नॅनोमोलर, लिपिडने एकदाच दिला. दुसऱ्या दिवसापासून अस्थिजनक माध्यम: डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. तिसऱ्या दिवशी क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजायची चाचणी) मायआर-१३८ जवळजवळ दिसेनासा झाला, पण रन्क्स-२ (हाडाच्या घडणीचा मुख्य नियंत्रक) चा एमआरएनए जसाच्या तसा. २१ व्या दिवशी अलिझरिनने (कॅल्शियम लाल रंगवणारा रंग) रंगवल्यावर इनहिबिटरचे आणि स्क्रॅम्बल्ड कंट्रोलचे (कशालाच न जुळणारा तुकडा) खाने दोन्ही सारखेच लालभडक. मायआर-१३८ हाडाच्या घडणीला अडवतो, मग तो काढल्यावर जास्त खनिज का साचत नाही? मात्रा वाढवू का?

गोदाकाठ:
मात्रा इतक्यात वाढवू नका. आधी काय आणि कुठे मोजता ते बदला.

मायआर-१३८ चे थेट लक्ष्य फोकल अ‍ॅडहिजन कायनेज, म्हणजे फॅक. फॅक वाढला की ईआरके १/२ या संदेशवाहक प्रथिनांना फॉस्फेट जोडला जातो, त्यातून रन्क्स-२ प्रथिनालाही फॉस्फेट जोडला जातो आणि ऑस्टेरिक्स (हाडाच्या घडणीचा पुढचा नियंत्रक) वर येतो. म्हणजे रन्क्स-२ चा एमआरएनए न हलणे हे अपयश नव्हे. वेस्टर्नवर (प्रथिन मोजायची चाचणी) फॅक आणि फॉस्फो-ईआरके बघा, एमआरएनए मोजायचा तर ऑस्टेरिक्सचा मोजा. रन्क्स-२ थेट दाबणारे मायक्रोआरएनए वेगळे आहेत: मायआर-२०४, २११, १३३.

दुसरे, मायआर-१३८ ‘दिसेनासा’ झाला यावर विसंबू नका. इनहिबिटर मायक्रोआरएनएला घट्ट चिकटून बसतो, नष्ट करेलच असे नाही. आरएनए काढताना तोही सोबत येतो आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन (मोजण्याआधी आरएनएची डीएनए प्रत बनवणे) अडवतो, म्हणून आकडा उगीच खाली दिसतो. मिमिक (मायक्रोआरएनएची कृत्रिम नक्कल) वापरणाऱ्यांची उलटी फसगत होते: आकडा हजारोपट चढतो, पण त्यातला बराच माल एन्डोसोममध्ये अडकलेला असतो, आर्गोनॉटपर्यंत (ज्या प्रथिनात बसून मायक्रोआरएनए काम करतो) पोचलेलाच नसतो. काम झाले की नाही ते लक्ष्य प्रथिनावरून किंवा ल्युसिफरेज सेन्सरवरून (लक्ष्याचा तुकडा जोडलेले, उजेड देणारे जनुक) ठरवायचे. सेन्सरसोबत सीड जुळणीचा भाग बदललेली फॅकची ३-प्राइम यूटीआर (एमआरएनएचा शेवटचा, प्रथिन न बनवणारा भाग) तुलनेला हवीच. मायक्रोआरएनएचा सीड म्हणजे २ ते ८ क्रमांकाचे न्यूक्लिओटाइड. प्लाझ्मिड सायचेक-२ असेल तर यूटीआर रेनिला ल्युसिफरेजला जोडलेली असते आणि फायरफ्लाय ल्युसिफरेजच्या आकड्याने भागायचे. पीमिरग्लो या प्लाझ्मिडमध्ये नेमके उलट. इथे गफलत झाली की निकाल उलटाच वाचला जातो.

मज्जापेशी:
सर, फॅकचे लक्षात आले. पण २१ व्या दिवसाचे काय? २०११ च्या डेन्मार्कच्या कामात तर उंदरांत अँटीमायआर-१३८ दिलेल्या मूलपेशींनी जास्त हाड बनवले होते.

परभणीकर:
दोन्ही लालभडक म्हणजे दोन्हीकडे रंग कमाल पातळीला पोचला. चांगल्या पेशी २१ दिवसांत कंट्रोलमध्येही पुरते खनिज धरतात. मग आधी कोण पुढे होते ते कळत नाही. ७ व्या दिवशी अल्कलाइन फॉस्फटेज (हाडाच्या घडणीची आधीची खूण), १०, १४ आणि १७ व्या दिवशी अलिझरिन करा. फरक असलाच तर १० ते १४ मध्ये सापडेल.

त्यात इनहिबिटरचा जोर कायम राहत नाही. पेशी विभागल्या की तो वाटला जाऊन पातळ होतो. दुसरा डोस ५ व्या-६ व्या दिवशी द्या. नंतर आंतरपेशीय जाळे दाट झाले की लिपिड नीट आत शिरत नाही. सुरुवातीला खान्याला ३० ते ४० हजार पेशी, साधारण ७० टक्के भरलेल्या. लिपिड आणि इनहिबिटरचे कॉम्प्लेक्स सीरमविरहित माध्यमात बनवा, तेव्हा अँटिबायोटिक नको.

आता आपल्याकडच्या उन्हाळ्याचे. एप्रिल-मेची कोरडी हवा आणि सारखे उघडणारे दार, यामुळे कडेच्या खान्यांतले माध्यम आटते आणि क्षार वाढतात. कडेच्या सोळा खान्यांत निर्जंतुक पाणी भरा, प्रयोग मधल्या आठ खान्यांतच. वीज गेली आणि कार्बन डायऑक्साइड घसरला की माध्यम अल्कधर्मी होते, कॅल्शियम फॉस्फेट आपोआप खाली बसते आणि तेही लाल रंगते. म्हणून पेशी नसलेला, फक्त माध्यमाचा एक खाना प्रत्येक प्लेटमध्ये ठेवा. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० च्या वर नेऊ नका, ५ वरही करून बघा. साधे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ३७ अंशांना टिकत नाही, अ‍ॅस्कॉर्बेट-२-फॉस्फेट वापरा.

रंगवताना बोअरचे पाणी कुठेही लागू देऊ नका, त्यात कॅल्शियम असतो. विआयनित पाणीच. अलिझरिन ४० मिलिमोलर, पीएच ४.१ ते ४.३, २० मिनिटे. मग १० टक्के सेटिलपिरिडिनियम क्लोराइडने रंग सोडवून ५६२ नॅनोमीटरला वाचन आणि शेजारच्या खान्यातल्या डीएनएने भागाकार. नुसत्या फोटोवर निष्कर्ष काढू नका.

गोदाकाठ:
आरएनए काढण्याबद्दल राहिले. नेहमीच्या कॉलमवर २०० न्यूक्लिओटाइडखालचे आरएनए वाहून जातात. लहान आरएनए धरणारा किट किंवा दीडपट शुद्ध इथेनॉल घालायची पद्धत हवी. पेशी थोड्या असतील तर ट्रायझॉलमध्ये ग्लायकोजेन टाका. नॉर्मलायझेशनला (आकडे तुलनेजोगे करायला) जीएपीडीएच नको, यू-६ किंवा आरएनयू-४८ हा लहान आरएनए घ्या आणि तो गटागटांत स्थिर आहे का ते तपासा.

मज्जापेशी:
चरबीतल्या मूलपेशी मिळणे सोपे आहे. त्यांच्यावर हेच चालेल?

परभणीकर:
गृहीत धरू नका. मायआर-२६ए चरबीतल्या मूलपेशींत स्मॅड-१ दाबून हाड अडवतो, तर मज्जेतल्या पेशींत जीएसके-३ बीटा दाबून तोच हाड वाढवतो. जोडीने दोन्हींत फॅक मोजा, मगच स्रोत बदला. आणि पार्सल उन्हात राहिले तर: कोरड्या ऑलिगोचे (म्हणजे इनहिबिटरच्या भुकटीचे) सहसा काही बिघडत नाही, पण लिपिड रिएजंट ४ अंशांवरच लागतो. तो तापला किंवा फ्रीझरमध्ये गोठला तर नवीन मागवा.