हवाईचा स्कॉटिश मंत्री: राखणदार की जमीनदार?

उंटावरचा शहाणा
हवाईतल्या कवाई बेटाच्या सहलीवरच्या लेखात एक वाक्य आहे: 'रॉबर्ट वायली या स्कॉटिश माणसाने हवाईचं राज्य वीस वर्षं सांभाळलं, असा परका आपल्यालाही मिळायला हवा होता.' आपल्याला परके काय कमी मिळाले का हो? दोन दिवस गप्प बसलो, पण खालचं 'वा वा, काय माणूस' वाचून राहवेना.

हुशार होता, मान्य. १७९८ चा जन्म, एअरशायरचा. ग्लासगोत वैद्यकी शिकला, जहाजावर डॉक्टर झाला, मग चिलीत व्यापार करून गबर. १८४४ मध्ये ब्रिटिश कॉन्सल जनरल मिलरबरोबर होनोलुलूला उतरला आणि वर्षभरात हवाईच्या राजाचा, तिसऱ्या कामेहामेहाचा परराष्ट्रमंत्री! १८६५ मध्ये मरेपर्यंत खुर्ची सोडली नाही. आता तारखा बघा. परक्यांना जमीन विकत घेता यावी असा कायदा झाला १८५० मध्ये. १८५३ मध्ये मंत्रीसाहेब कवाईवरच्या हनालेईच्या खोऱ्यात मळेवाले. पुढे राजपुत्राच्या नावाने मळ्याचं बारसं केलं, प्रिन्सव्हिल. मालकाला खूश ठेवायची कला.

सायली_खाडीकाठ
लेख माझा आहे, तर उत्तरही मीच देते. फ्रेंचांनी १८४२ मध्ये ताहिती घशात घातलं. १८४९ मध्ये तेच होनोलुलूत उतरले. कशासाठी, तर ब्रँडीवरची जकात कमी करा! किल्ल्यातल्या तोफा निकामी केल्या, राजाची नौका पळवली, ती परत आलीच नाही. अशा वेळी तलवार नाही, लंडन-पॅरिसला समजेल असा खलिता लिहिणारा माणूस लागतो. १८५४ मध्ये अमेरिकेत विलीन व्हायचा तह याच्याच टेबलावर होता. यानं तो घोळवला, डिसेंबरात राजा वारला, तह बारगळला. अमेरिकेने हवाई गिळली ती १८९८ मध्ये, हा जाऊन ३३ वर्षं झाल्यावर.

उंटावरचा शहाणा
कागद घोळवणं हे कर्तृत्व असेल तर आमच्या तलाठ्याचा पुतळा उभारा.

फडातलं_पाचट
मळा कशाचा ते कोणी बोललंच नाही. आधी कॉफी, ती फसली. मग ऊस! म्हणजे मंत्रीही तोच, कारखानदारही तोच. ओळखीचं वाटतंय का काही?

गेल्याच्या गेल्या वर्षी आमचा दोन एकर ऊस तुरे येऊन वाळला. वडील रोज सकाळी बांधावर खुर्ची टाकून बसायचे, ऊसतोड टोळी आज येईल म्हणून. तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय फोन उचलेना. शेजारचा ऊस आमच्या नंतरच्या लागणीचा, पण कारखान्याच्या संचालकांचे पाहुणे, त्यांचा आधी गेला. शेवटी टोळीच्या मुकादमाला एंट्री, म्हणजे वरचे पैसे, मोजले तेव्हा कोयता लागला. वजन किती घटलं ते विचारू नका. धोरण ठरवणाऱ्याच्याच दारात ऊस उभा असला की असंच होतं, हवाई असो नाहीतर आमचा तालुका.

नर्मदेकाठी
धागा हवाईचा आहे, तालुक्याचा नाही.

फडातलं_पाचट
ऊस तोडलाय का कधी? तिथे १८५२ मध्ये चिनी मजूर आणले, पाच वर्षांचा करार, महिना ३ डॉलर. कामावरून पळाला तर पकडून आणायचा आणि बुडवलेल्या दिवसांच्या दुप्पट राबवायचा, असा कायदा १८५० चाच. आमच्याकडे कायदा नाही, उचल आहे, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम. जोडप्यानं उचल घेतली की फिटेपर्यंत सुटका नाही. फरक सांगा.

नर्मदेकाठी
फरक हा की उचल स्वखुशीने घेतात.

फडातलं_पाचट
स्वखुशीने! या एकदा कार्तिकात, तोडकऱ्यांच्या झोपडीत, कोपीत रात्र काढा आणि मग लिहा.

उंटावरचा शहाणा
पाचटराव माझं काम सोपं करताहेत. बाकी परदेशात बसून परक्यांचं कौतुक सुचणारच म्हणा.

सायली_खाडीकाठ
वाटच बघत होते याची. बावीस वर्षं इथे आहे. शाळेच्या पालक समितीवर पाच वर्षं फुकट राबले, चांगल्या शाळेजवळ म्हणून घरही तिथेच घेतलं. मग मीही वायली का? जिथे जन्मलो नाही तिथे जीव लावला की चोरच?

उंटावरचा शहाणा
तुम्ही मंत्रिमंडळात बसून त्याच राज्यातलं खोरं घेतलं नाहीत. एवढा फरक तुम्हालाही कळतो.

सायली_खाडीकाठ
कळतो. मळा घ्यायला नको होता, लिहून घ्या. पण लुबाडणाऱ्यानं निदान पैसे तरी साठवावेत! हा कर्जात मेला. मळा भाच्याच्या गळ्यात पडला. भाच्यानं वायली आडनाव लावलं, हिशेब पाहिला आणि १८६६ मध्ये जीव दिला. मळा लिलावात गेला. आणि ज्यांना तुम्ही लुबाडलं म्हणता, त्यांनी याला राजघराण्याच्या समाधीस्थळी, माउना आला इथे पुरला. ते काय सगळे वेडे?

उंटावरचा शहाणा
राजघराण्यानं पुरला. मजुरांना विचारून नव्हे.

फडातलं_पाचट
त्या भाच्याचं वाईट वाटलं. सातबारा बघून आमच्याकडेही जातात लोक. आता तिथे ऊस आहे का?

सायली_खाडीकाठ
नाही. वरच्या पठारावर गोल्फ आणि हॉटेलं. खाली नदीच्या दोन्ही काठांना पाणी भरलेली खाचरं, लांबून आपली भातशेतीच वाटते. जवळ गेलं की कळतं, अळू. पार क्षितिजापर्यंत.

नर्मदेकाठी
खाजरा?

सायली_खाडीकाठ
खाजराच. गड्डे तासन्‌तास उकडून कुटतात. मी पानं आणून वड्या केल्या, चिंच कमी पडली, नवरा दोन दिवस बोलत नव्हता.