रशियन घरातलं गाणं-नाचणं: तुमचे अनुभव

परवा त्वेरमधल्या एका लग्नाचा फोटो सापडला, म्हणून हा धागा. शिकायला, नोकरीला, किंवा सून-जावई म्हणून रशियात राहिलेल्यांनी लिहा. बॅले नको, जेवणाच्या टेबलाभोवतीचं हवं.

माझ्यापासून सुरुवात. लग्नाची सूत्रं 'तमादा'च्या हाती. हा निवेदक, पण बसलेल्याला उठवून नाचवणारा. मध्येच कोणीतरी 'गोर्का!' ओरडतं, म्हणजे 'कडू!'. की नवरा-नवरीने उठून चुंबन घ्यायचं आणि पाहुण्यांनी एक, दोन, तीन मोजायचं. मी सतरापर्यंत मोजलं, मग लाजून ताटात बघत बसलो.

*

स्मोलेन्स्कला डॉक्टरकी शिकत होते. घरमालकीण आजींनी माझ्या वाढदिवसाला मला मधोमध उभं केलं आणि सगळ्यांनी हात धरून 'कारावाय' धरला. मोठ्या गोल पावाचं गाणं. 'एवढा उंच' म्हणताना हात वर, 'एवढा ठेंगणा' म्हणताना सगळे खाली, 'एवढा रुंद' म्हणताना फेर भिंतीला टेकेपर्यंत मागे. खरं तर हा लहान मुलांचा खेळ. आजींचे गुडघे दुखायचे, तरी खाली बसल्या. उठवायला दोघं लागले. माझ्या नावातला 'ह' रशियनमध्ये नाहीच, त्याचा 'ख' झाला. शेवटी मधल्याने कोणाला तरी निवडायचं असतं. मी आजींनाच निवडलं.

*

वाढदिवसाचं रशियनांचं दुसरं गाणं १९७१च्या चेबुराश्काच्या कार्टूनमधलं. मगर पावसात बसून बाजा वाजवतो. चाल इतकी उदास की पहिल्यांदा वाटलं, कोणी गेलं की काय!

*

बायको वोलोग्दाकडची. तिच्या गावी मावशी बायानवर, म्हणजे बटणांच्या अकॉर्डियनवर, 'चास्तुश्की' म्हणते: चार ओळींची टपली, लगेच पाय आपटायचे, समोरचीने उत्तर द्यायचं. एकीला सगळे फार हसले. अर्थ विचारला तर सासूबाई म्हणाल्या, 'जावईबापू, जेवा.'

*

इंदिया म्हटलं की पन्नाशीच्या बायका 'जिमी जिमी' लावतातच. शब्द त्यांना पाठ, मला नाहीत. फार लाज गेली.

*

नऊ मेला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाच्या दिवशी, आमच्याकडे नाच नसतो. पणजोबांच्या फोटोपुढे व्होडकाचा पेला, त्यावर काळ्या पावाचा तुकडा. गेलेल्यांसाठी पिताना पेले एकमेकांना टेकवत नाहीत. मग आजेसासूबाई हलक्या आवाजात 'कात्यूशा' सुरू करतात. मुलगी आता त्यांच्याबरोबर म्हणते, तीही हळूच.