नववीच्या वर्गात 'गुन्हेगार जमाती कायदा': शिकवायचा का, आणि शिकवायचा तर कसा?

खडूडस्टर
31 ऑगस्टला विमुक्त दिन असतो: इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मापासून 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमाती 1952 मध्ये त्या कायद्यातून मुक्त झाल्या, तो दिवस. पुण्यातल्या बऱ्याच शाळांत तो फलकलेखनावर उरकतो. माझा आग्रह असा की नववीत या विषयाला सलग चार तासिका द्याव्यात आणि सुरुवात भाषणाने नाही, कायद्याच्या मजकुराने करावी.

पहिल्या तासाला एकच पान वाटायचं. त्यावर 1871 च्या कायद्यातल्या चार तरतुदी सोप्या मराठीत: सरकार अख्ख्या जमातीला 'गुन्हेगार' म्हणून अधिसूचित करू शकतं, त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान देता येत नाही, जमातीतल्या माणसांची नोंदवही ठेवली जाते, आणि पासाशिवाय हद्द ओलांडली तर शिक्षा. मुलांना एकच काम: यात गुन्हा शाबित करण्याची पायरी कुठे आहे, तिथे खूण करा. दहा मिनिटं शोधून कुणालाच सापडत नाही. तिथून वर्ग आपोआप बोलायला लागतो, शिक्षकाने 'अन्याय' हा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही.

दुसरा तास सोलापूरच्या सेटलमेंटचा, म्हणजे या जमातींना सक्तीने ठेवलेल्या वसाहतीचा. तारेचं कुंपण, रोजची सक्तीची हजेरी, आणि गिरण्यांना मिळालेले मजूर. 1897 च्या दुरुस्तीने 4 ते 18 वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवायची सोय केली होती, हे इथेच सांगायचं. तिसऱ्या तासाला या कायद्याची चौकशी करणारी 1949 ची अय्यंगार समिती आणि 1952 मधलं कायद्याचं रद्द होणं. चौथ्याला आजची कागदपत्रं.

सदाशिवपेठी
हेतूबद्दल शंका नाही, वर्गाबद्दल आहे. येरवडा, हडपसर, वारजे, कुठलीही पालिकेची शाळा घ्या. वर्गात वडार, कैकाडी, रामोशी, कंजारभाट मुलं असतातच. जमातींची यादी फळ्यावर आली की चाळीस डोकी एका बाकाकडे वळणार, आणि पेन हरवलं की मधल्या सुट्टीत कुणाचं दप्तर आधी उघडलं जाणार ते वेगळं सांगायला नको. चौदाव्या वर्षी मुलं क्रूर असतात. तुमच्या एका पानाचा बोजा त्या पोरावर.

म्हणून सुरुवात लांबून करा. 1942 मध्ये अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. वंशावरून संशय, सरकारी आदेश, घरंदारं गेली. सगळे मुद्दे तेच, आणि वर्गातल्या कुणाचं आडनाव त्यात नाही. आणि हो, इतिहास-राज्यशास्त्र मिळून 40 गुणांचा पेपर आहे. चार तासिका कुठून काढणार?

चतुःशृंगी
लांबच्या उदाहरणाची एक अडचण आहे: त्याला शेवट आहे. 1988 मध्ये अमेरिकेने कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले. मुलं 'चूक झाली, भरपाई दिली, मिटलं' असं वहीत लिहून मोकळी होतात. दुसरं म्हणजे, परदेशातला वंशद्वेष शिकून आपण त्यातले नाही असं वाटायला लागतं, ते तर फारच सोयीचं.

लांबूनच यायचं तर मधला टप्पा भारतातला घ्या. 1962 च्या युद्धात आपल्याच सरकारने सुमारे 3,000 चिनी वंशाच्या भारतीयांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, काहींना कित्येक वर्षं. 1942 आणि 1962 शेजारी ठेवले की 'ते' आणि 'आपण' ही वाटणी आपोआप डळमळते. मग सोलापूर.

मोडीवाला
शिकवायच्या आधी दोन गफलती दुरुस्त करा, भाषणांत सर्रास ऐकू येतात.

पहिली: '1871 पासून पुण्यात या कायद्याने हजेरी सुरू झाली.' नाही. 1871 चा कायदा आधी उत्तरेत लागू होता. मुंबई इलाखा 1911 च्या कायद्याने त्यात आला, बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही त्याच कायद्यात आहे. 1924 चा कायदा म्हणजे या सगळ्याचं एकत्रीकरण. हजेरी मात्र या कायद्याबाहेरही होती. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरडांची हजेरी बंद केली, तेव्हा इलाख्यात तीच गोष्ट कायद्याने चालू होती. एकाच काळातली दोन सरकारं, दोन उलट निर्णय. 'तेव्हा सगळे असाच विचार करायचे' या सबबीला याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

दुसरी: 'उमाजी नाईकांच्या बंडाला उत्तर म्हणून हा कायदा आला.' इंग्रजांविरुद्ध उठलेल्या या रामोशी नेत्याला 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात फाशी दिलं, कायदा त्यानंतर 39 वर्षांनी आणि तोही उत्तर हिंदुस्थान डोळ्यांसमोर ठेवून. खडकमाळ आळीतलं त्यांचं स्मारक मुलांना जरूर दाखवा, पण कारण आणि परिणाम म्हणून जोडू नका. एका हुशार पोराने तारखा वजा केल्या की अख्खा धडा ढासळतो.

रानवाट
सदाशिवपेठी, नावं लपवून कुणाचं रक्षण होतं? ज्या मुलाला चोर म्हणतात त्याला ते नाव वर्गाबाहेर रोज ऐकू येतंच. वर्गात निदान ते कुणी लावलं, कुठल्या कलमाने लावलं हे तरी कळेल. यादी वाचू नका, एवढं मान्य. फळ्यावर जमातींची नावं नकोत, अधिसूचना काढणाऱ्याचा हुद्दा लिहा. प्रश्न 'हे लोक कोण होते' हा नसून 'हे कुणी आणि का ठरवलं' हा आहे.

काही गोष्टी मात्र अजिबात नकोत. हजेरीचं नाट्यीकरण नको: निम्मा वर्ग पोलीस, निम्मा पारधी असं केलं की हशा होतो आणि धडा संपतो. वंशावळ लिहून आणायला सांगू नका. वर्गातल्या मुलाला 'तुमच्याकडे काय म्हणतात रे?' असं विचारू नका, तो विद्यार्थी आहे, साक्षीदार नाही. इंग्रज अधिकाऱ्यांची वर्णनं जशीच्या तशी मोठ्याने वाचून दाखवू नका, शिव्या तेवढ्या लक्षात राहतात. आणि 'कायदा योग्य की अयोग्य' अशी वादविवाद स्पर्धा तर नकोच. एका बाजूला उभं राहणारं पोर कुठल्या घरातलं असेल?

काळाकोट
तिसऱ्या तासाबद्दल. 'जुना कायदा गेला, नव्या नावाने आला' हे वाक्य टाळ्या घेतं, पण अर्धंच खरं आहे. 1959 चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा जमातीवर नाही, दोषसिद्धी झालेल्या व्यक्तीवर लागतो. हा फरक मोठा आहे आणि मुलांना तो समजायलाच हवा, नाहीतर पहिल्या तासाला शोधलेली 'शाबित करण्याची पायरी' वाया जाते. मग पुढचा प्रश्न: कागदावर व्यक्ती, पण अंमलात संशय कुणावर? 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावलींतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी रद्द केली आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार ठरवण्याच्या सवयीवरही बोट ठेवलं. निकाल लांबलचक आहे, दोन परिच्छेदांच्या वर मुलांना देऊ नका.

खडूडस्टर
मोडीवाला, तारखा घेतल्या, पानावर 1911 ठळक टाकतो. रानवाट, यादी नाही, मान्य.

चौथ्या तासाचं थोडं सविस्तर. जात प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. फळ्यावर दोन रकाने: पुरावा म्हणून काय चालतं (शाळेचा दाखला, महसुली नोंद, गाव नमुन्यातला उतारा) आणि यातलं काय पालावर राहणाऱ्या कुटुंबाकडे असू शकेल. दुसरा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. चाचणीत 'तुम्ही पारधी असता तर' छाप निबंध नको. 1924 आणि 1959 मधलं एकेक कलम देऊन 'कुणावर लागू, कशाच्या आधारे' एवढं विचारायचं. 4 गुण, तपासायला सोपं.

सदाशिवपेठी
दाखल्यांचा तास चांगला आहे, तो घ्याच. तो घ्यायला कुठल्याही जमातीचं नाव लागत नाही. पण पहिला तास नवख्या शिक्षकाच्या हाती देऊ नका, हे माझं म्हणणं कायम. रानवाटने सांगितलेल्या 'नको'ंची यादी शिक्षकाला तोंडपाठ नसेल तर देवळीपासूनच सुरू केलेलं बरं.

रानवाट
मग यादी शिक्षकाच्या प्रतीवर छापा. मागच्या बाजूला जागा आहे.