डी अँड डी: भाच्याचं पात्र मेलं, पुढचा डाव कसा मांडू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

दर रविवारी आमच्याकडे चार मुलं जमतात आणि मी त्यांच्यासाठी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकानं एक पात्र घेऊन फाशांच्या जोरावर गोष्ट पुढे न्यायचा खेळ) चालवते. सगळी बारा-तेरा वर्षांची, त्यातला एक माझा भाचा. नियम पाचव्या आवृत्तीचे, पण गोष्ट मराठीत आणि सह्याद्रीतली: पडका गड, चोरदरवाजा, कातळात खोदलेली पाण्याची टाकी. डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी, म्हणून मला जेमतेम चार महिने झालेत. त्याआधी फक्त कॉम्प्युटरवर बाल्डर्स गेट ३ खेळले होते.

गेल्या रविवारी भाच्याचं पात्र मेलं.

दुसऱ्या लेव्हलचा चोर होता. बाकीचे तिघं बुरुजावर असताना हा एकटाच दोर सोडून टाक्यापाशी उतरला. खाली दोन तरसं. बघता बघता १५ हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारे गुण) संपले. मग जीव वाचवायचे फासे: दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा, १० किंवा वर आलं तर यश, खाली आलं तर अपयश, ज्याचे आधी तीन होतील तो निकाल. पहिल्यालाच १ पडला. १ म्हणजे एकदम दोन अपयशं. पुढचा १४. क्लेरिक (मंत्रांनी जखमा बऱ्या करणारी पुजारीण) झालेली मुलगी दोरावरून उतरतच होती, अजून एक पाळी मिळती तर पोचली असती. तिसरा फासा चकलीच्या डब्याला आपटून थांबला. ७.

"मावशी, आता सेव्ह कुठून लोड करायचा?" त्यानं अगदी मनापासून विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

मेलेल्याला उठवणारा रिव्हिव्हिफाय मंत्र क्लेरिकला पाचव्या लेव्हलला मिळतो, वर ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात, आणि तेही मरणानंतर मिनिटभराच्या आत. आमची क्लेरिक दुसऱ्या लेव्हलची. देवराईतल्या देवीनं काहीतरी मोबदला घेऊन त्याला परत पाठवलं, असं मी रचू शकते. पण फासे सगळ्यांसमोर पडलेत. मी ते फिरवले, तर ती मुलगी जिवाच्या आकांतानं धावली त्याला काय अर्थ उरला? दुसरीकडे भाचा म्हणतो, "नवीन नको, तोच हवा." चार महिने जपलेला त्याच्या पात्राचा कागद खोडून खोडून हिट पॉइंटच्या चौकोनात फाटलाय.

माझी चूक मला कळतेय. टाक्याजवळची चावलेली हाडं, ओल्या मातीतले ठसे मी आधी दाखवायला हवे होते. मग उतरायचं की नाही, हे त्यानं समजून ठरवलं असतं.

हा खेळ १९७४ पासून चालत आलाय, तेव्हा यातून इथलंही कुणीतरी गेलं असेलच. मुलांबरोबर खेळताना मरण कसं हाताळता? पहिल्याच दिवशी सांगून ठेवता का? देवीचा मार्ग घ्यायचा, तर मोबदला काय मागावा, म्हणजे बाकीच्या तिघांनाही तो रास्त वाटेल? येत्या रविवारी दुपारी तीनला मुलं येतील, त्याआधी सुचवलंत तर फार मदत होईल.