मदत हवी आहे: हाडाच्या सिमेंटचं सेटिंग (घट्ट होणं) सलग कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी कॅल्शियम फॉस्फेट सिमेंटवर काम करतेय. अल्फा-टीसीपीची (अल्फा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची) पावडर, त्यात डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचं 2.5 टक्के द्रावण. कालवलं की हळूहळू हाडातल्या खनिजाच्या जवळचं, कॅल्शियम जरा कमी असलेलं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट तयार होतं.

सेटिंग टाइम गिलमोर सुयांनी घेते, म्हणजे ठरावीक वजनाची सुई सिमेंटवर टेकवून वळ उठतो का बघते. हलकी सुई 113.4 ग्रॅमची, जड 453.6 ग्रॅमची आणि टोकाला जेमतेम 1.06 मिमी. हलक्या सुईचा वळ उठेनासा झाला की प्राथमिक सेटिंग, जड सुईचा उठेनासा झाला की अंतिम सेटिंग धरायचं. अंतिम सेटिंग वीस मिनिटांच्या आत होतं. पण त्याच वेळी तुकडा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून अभिक्रिया थांबवली आणि एक्सआरडी (कोणती स्फटिकं आहेत ते दाखवणारी क्ष-किरण चाचणी) काढला, तर बहुतेक सगळा अल्फा-टीसीपीच शिल्लक! शिवाय वळ उठला की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं, त्यामुळे माणूस बदलला की आकडा बदलतो.

सर्जनच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. प्राथमिक सेटिंगच्या आधी सिमेंट जागेवर बसायला हवं, आणि तिथून अंतिम सेटिंगपर्यंत ते हललं तर आत तडे जातात. खरी ताकद मात्र पुढचे कित्येक तास, दिवस वाढत राहते. मला एकाच नमुन्यावर, 37 अंशांना, सुरुवातीचं सेटिंग आणि नंतरची ताकद हे दोन्ही टप्पे बघायचेत.

एटीआर-एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट घेणारं यंत्र) आमच्याकडे आहे, पण ते यंत्रातल्या स्फटिकाला टेकलेला मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा थरच बघतं. सिव्हिलवाल्यांकडे आयसोथर्मल कॅलरीमीटर (तापमान कायम ठेवून अभिक्रियेची उष्णता मोजणारं यंत्र) आहे, अल्ट्रासाउंडही मिळू शकेल. सुरुवात कशाने करू?

प्रतिसाद:

तुमचा एक्सआरडी चुकलेला नाही. सुईला अडवायला कणांमध्ये गुंतलेले थोडेसे नवे स्फटिक पुरतात, बाकीचं रूपांतर मागाहून होतं. कॅलरीमीटर अभिक्रिया किती झाली ते सांगेल, अल्ट्रासाउंड कडकपणा. दोन्ही लागतील, पण आधी कॅलरीमीटर घ्या. पावडर आणि द्रावण दोन्ही आधी 37 अंशांवर आणा, आणि आतल्या आत कालवता येणारी कुपी मिळते का बघा. बाहेर कालवून आत ठेवलंत तर पहिली काही मिनिटं हातची जातात, आणि तुमचं सेटिंग नेमकं तिथेच आहे.

अल्ट्रासाउंडला हवेचे बुडबुडे फार नडतात. साचा ठोकून भरा आणि वरून बंद करा, नाहीतर नमुना सुकून आक्रसेल आणि संपर्क सुटला की सिग्नलच जाईल. शेजारी त्याच घाण्याचा गिलमोर लावा. अल्ट्रासाउंडच्या वेगाचा आलेख जिथे वर वळतो तिथे सुई काय म्हणते ते इथे टाका, मग पुढचं बघू.